उलटा पिरॅमिड : दारू सोडणाऱ्यांनी संघटना कशी बांधली

दारूच्या व्यसनावर लिहिते म्हटलं की आपल्याकडची मंडळी आधी एकच विचारतात, ‘आपल्यात हा प्रश्न आहेच कुठे?’ दारू हराम आहे हे मोहल्ल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणूनच जो पितो तो दुसऱ्या वस्तीत जाऊन पितो, रात्री उशिरा भिंतीच्या कडेकडेने घरी येतो, आणि त्याची बायको पालकसभेला एकटीच येते. वीस वर्षं मी उर्दू आणि मराठी शिकवते. उर्दूच्या तासाला साकी, जाम, मैखाना यांचे अर्थ सांगताना वर्ग हसतो. त्या हसण्यात सामील न होणारी दोन-तीन मुलं प्रत्येक वर्गात असतात. ती कोणती, हे शिक्षकाला कळायला फार दिवस लागत नाहीत.

पण आज व्यसनाबद्दल नाही, संघटनेबद्दल लिहायचं आहे. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, म्हणजे ए.ए., हे नाव अनेकांनी ऐकलं असेल. आठ-दहा माणसं आठवड्यातून एकदा एखाद्या शाळेच्या किंवा चर्चच्या खोलीत जमतात, आपापली कहाणी सांगतात, चहा पितात आणि घरी जातात. इतपत माहिती असते. या खोलीचा दुसऱ्या गावातल्या खोलीशी संबंध काय, मुंबईशी काय, न्यूयॉर्कशी काय, कुणाचा हुकूम कुणावर चालतो, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मला ते विचारावंसं वाटलं, कारण जमात, ट्रस्ट, कमिटी, सोसायटी यांच्या भांडणांतच आपलं निम्मं सार्वजनिक आयुष्य जातं. आणि ही तर दारूच्या नशेत घरदार गमावलेली माणसं. त्यांना एकत्र राहणं कसं जमलं?

सुरुवात अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ॲक्रन या गावी झाली. टायरच्या कारखान्यांचं हे गाव. मे 1935 मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल एका व्यवहारासाठी तिथे आला होता. त्याने दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. व्यवहार फसला. मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा उभा होता. एका बाजूला बारमधला हसण्याखिदळण्याचा आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्याने टेलिफोन उचलला. त्याला उपदेश ऐकायचा नव्हता; आपल्यासारखाच दारूने गांजलेला कुणीतरी माणूस बोलायला हवा होता. फोनवरून फोन होत दुसऱ्या दिवशी, 12 मे रोजी, त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि सहा तास बसले. त्यांनी शेवटचा घोट घेतला तो 10 जून 1935 रोजी. हाच दिवस ए.ए.चा जन्मदिवस मानला जातो.

तेव्हा ना नाव होतं, ना नियम, ना ऑफिस. या दोघांनी पहिली काही वर्षं ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती चळवळीच्या सावलीत काढली. न्यूयॉर्कची मंडळी तिथून 1937 मध्ये बाहेर पडली. क्लीव्हलँडची गोष्ट मात्र आपण नीट ऐकावी अशी आहे. क्लीव्हलँडहून ॲक्रनला येणाऱ्यांत बरेच कॅथलिक होते. प्रॉटेस्टंट वळणाच्या मंडळात बसून सर्वांसमोर कबुली देणं त्यांच्या चर्चला चालत नव्हतं. म्हणजे माणूस दारूतून सुटत होता, पण धर्मातून बाहेर पडल्यासारखा होत होता. मे 1939 मध्ये त्यांनी आपला वेगळा ग्रुप काढला. नुकत्याच छापलेल्या पुस्तकाचं नाव होतं ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’. तेच नाव त्यांनी ग्रुपला दिलं. या नावाचा हा पहिला ग्रुप, आणि तो दुरावल्यामुळे जन्मला. ॲक्रनच्या काही लोकांना हे फार लागलं. तरी संबंध तुटले नाहीत. त्याच वर्षी ॲक्रनच्या सेंट थॉमस या कॅथलिक रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया या जोगिणीने डॉ. बॉबच्या मदतीने मद्यपाशी रुग्णांना खाटा द्यायला सुरुवात केली.

पुस्तक लिहिताना ईश्वराच्या उल्लेखावरून मोठा वाद झाला. न्यूयॉर्कच्या गटात उघड नास्तिक होते. शेवटी आपल्याला जसा समजला तसा ईश्वर, अशा अर्थाची सवलत त्यात घालण्यात आली. या शब्दांवर आपल्यातल्या काहींचा आक्षेप असतो, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. तौहीद हा काही ज्याच्या त्याच्या समजुतीचा मामला नाही. पण ही सवलत अकीदा ठरवण्यासाठी नव्हती, दार उघडं ठेवण्यासाठी होती. दारातून आत आल्यावर माणसाने आपला ईश्वर आपल्यासोबत आणावा, एवढंच तिचं काम.

आता पैशाकडे वळू, कारण संघटना बहुधा तिथेच घसरते. बिल विल्सनची स्वप्नं मोठी होती : आपली रुग्णालयं, पगारी प्रचारक, पुस्तकं. त्यासाठी तो धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्यापर्यंत पोहोचला. रॉकफेलर यांच्या माणसाने ॲक्रनला जाऊन पाहणी केली आणि 50,000 डॉलरची शिफारस केली. रॉकफेलर यांनी दिले 5,000. जास्त पैसा या कामाची माती करेल असं त्यांचं मत पडलं. फेब्रुवारी 1940 मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या बड्या लोकांना जेवण दिलं. ते स्वतः आजारी असल्याने मुलगा नेल्सन यजमान होता. श्रीमंतांच्या खिशातून आता लाखो पडणार या आशेने ए.ए.ची मंडळी बसली होती. नेल्सनने शेवटी उठून या कामाचं तोंड भरून कौतुक केलं आणि याला पैशाची फारशी गरज नाही असं सांगून पाहुण्यांना निरोप दिला! दान देऊन बिघडवलेल्या संस्था मी बऱ्याच पाहिल्या आहेत. दान न देऊन वाचवलेली ही बहुधा एकच.

1 मार्च 1941 रोजी ‘सॅटरडे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर या पत्रकाराचा लेख आला आणि सगळं बदललं. वर्षाच्या सुरुवातीला सदस्य होते 2,000 च्या आसपास; वर्षाअखेर 8,000. न्यूयॉर्कच्या छोट्या ऑफिसात पत्रांचे ढीग लागले. रूथ हॉक ही तिथली सेक्रेटरी. ती स्वतः मद्यपाशी नव्हती. ती आणि काही स्वयंसेवक एकेका पत्राला उत्तर देत बसले. कुठल्या तरी दूरच्या खेड्यात एकटाच माणूस, जवळ फक्त पुस्तक, आणि न्यूयॉर्कहून आलेलं पत्र. गावातला ग्रुप आणि बाहेरची बिरादरी यांच्यातला पहिला धागा हा टपालाचा होता. हे ऑफिस चालावं म्हणून ग्रुपांना विनंती झाली, माणशी वर्षाला एक डॉलर पाठवा. विनंतीच. न पाठवणाऱ्याला कुणी काढून टाकलं नाही.

ग्रुप वाढले तशी भांडणंही वाढली, आणि तीही टपालानेच येऊ लागली. कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही? बाई आली तर? दुसऱ्या वंशाचा आला तर? बेघर आला तर? प्रत्येक ग्रुपने आपापले प्रवेशाचे नियम केले होते. न्यूयॉर्कच्या ऑफिसने ते सगळे एकत्र मांडले, तेव्हा लक्षात आलं की हे सगळे नियम सगळीकडे लागू झाले तर एकही माणूस सदस्य होऊ शकणार नाही. एका गावच्या ग्रुपने तर क्लब, दवाखाना, कर्ज देणारी शाखा असा भव्य आराखडा करून 61 नियमांची सनद न्यूयॉर्कला पाठवली होती. सगळं कोसळल्यावर त्याच गृहस्थाने एक कार्ड पाठवलं. त्यावर बासष्टावा नियम होता, आणि त्याचा अर्थ एवढाच की स्वतःला फार मोठं समजू नका. आपल्या एखाद्या ट्रस्टची घटना चाळून पाहा. एकसष्ट नियम सापडतील, बासष्टावा नाही.

बिलसमोर आणखी एक इतिहास होता. एप्रिल 1840 मध्ये बाल्टिमोर शहरातल्या एका गुत्त्यात बसलेल्या सहा दारुड्यांनी दारू सोडायची शपथ घेतली आणि ‘वॉशिंग्टोनियन’ चळवळ सुरू झाली. एकमेकांना कहाण्या सांगायच्या, एकमेकांना सावरायचं, हीच पद्धत. काही वर्षांत शपथ घेणारे लाखांच्या घरात गेले. तरुण अब्राहम लिंकनने 22 फेब्रुवारी 1842 रोजी स्प्रिंगफिल्डमध्ये त्यांच्यापुढे भाषण केलं. आणि दशक संपायच्या आत सगळं विरून गेलं. चळवळ दारूबंदीच्या राजकारणात ओढली गेली, व्यासपीठावरचे वक्ते तारे बनले, आणि त्यांतला एखादा पुन्हा पिताना सापडला की त्याच्यासोबत चळवळीचीही बदनामी झाली. गावोगावच्या मंडळांना धरून ठेवणारं साधं काहीच नव्हतं. होते ते फक्त मोठे मेळावे.

हे लक्षात ठेवून एप्रिल 1946 मध्ये ए.ए.च्या ‘ग्रेपव्हाइन’ मासिकात बारा मुद्दे छापले गेले. त्यांनाच पुढे ‘बारा परंपरा’ म्हटलं गेलं. बारा पायऱ्या माणसाला सावरण्यासाठी, बारा परंपरा ग्रुपला सावरण्यासाठी. त्यांचं सार माझ्या शब्दांत सांगायचं तर असं : ग्रुपात अधिकारी नाहीत, सेवक आहेत, निर्णय सर्वांच्या विवेकबुद्धीने व्हायचा. प्रत्येक ग्रुप आपल्या घरचा मालक, पण शेजाऱ्याला किंवा सगळ्या बिरादरीला झळ लागेल असं काही करायचं नाही. बाहेरच्याचा पैसा घ्यायचा नाही. आपलं नाव दुसऱ्या कुठल्या संस्थेला, दवाखान्याला, पक्षाला वापरू द्यायचं नाही. छापील माध्यमांत आपला चेहरा आणि नाव आणायचं नाही. जुलै 1950 मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनात या परंपरा मान्य झाल्या.

या गोष्टी बोलायला सोप्या आहेत. 1948 मध्ये एका बाईने मृत्युपत्रात 10,000 डॉलर ए.ए.ला ठेवले. ऑफिसला पैशाची चणचण होती. विश्वस्तांनी खूप वाद घातला आणि पैसे नाकारले. तेव्हापासून बाहेरच्यांकडून काहीच घेतलं जात नाही, आणि सदस्यानेही वर्षाला ठरावीक मर्यादेपलीकडे द्यायचं नाही. म्हणजे कुणी पैशाच्या जोरावर मोठा होऊ शकत नाही, आणि ‘माझ्या वडिलांनी हा हॉल बांधला’ हे वाक्य तिथे जन्मालाच येत नाही.

एक गोष्ट अजून राहिली होती. न्यूयॉर्कचे विश्वस्त कुणाला जबाबदार? ते ग्रुपांनी निवडलेले नव्हते. त्यांना गावोगावच्या ग्रुपांशी बांधणारा दुवा होता तो बिल आणि डॉ. बॉब या दोघांचा. हे दोघे गेल्यावर काय? आपल्याकडे हा प्रश्न पीर गेल्यावर उभा राहतो आणि बहुतेक वेळा मुलगा गादीवर बसतो. बिलने उलट दिशा धरली : ग्रुपांनी प्रतिनिधी निवडावेत आणि विश्वस्तांनी त्यांच्यापुढे जाब द्यावा. विश्वस्तांचा विरोध होता, पुष्कळ जुन्या ग्रुपांचाही होता. डॉ. बॉब कर्करोगाने आजारी होते. त्यांनी शेवटी संमती दिली आणि 16 नोव्हेंबर 1950 रोजी त्यांचं निधन झालं. एप्रिल 1951 मध्ये पहिली ‘जनरल सर्व्हिस कॉन्फरन्स’ न्यूयॉर्कमध्ये भरली. अमेरिका आणि कॅनडातून निवडून आलेले 37 प्रतिनिधी होते. चार वर्षं हा प्रयोग म्हणून चालला आणि जुलै 1955 मध्ये सेंट लुइस इथे सुमारे 5,000 लोकांसमोर बिलने कारभार रीतसर या कॉन्फरन्सकडे सोपवला. त्यानंतर तो सुमारे साडेपंधरा वर्षं जगला.

रचना अशी आहे. प्रत्येक ग्रुप आपल्यातून एक जण निवडतो. त्याला ‘जनरल सर्व्हिस रिप्रेझेंटेटिव्ह’, थोडक्यात जी.एस.आर. म्हणतात. आसपासचे जी.एस.आर. जिल्हा पातळीवर भेटतात, त्यांची एरिया असेंब्ली भरते, असेंब्ली कॉन्फरन्सचा प्रतिनिधी निवडते. या सगळ्याचं चित्र काढतात तेव्हा पिरॅमिड उलटा काढतात. ग्रुप सर्वांत वर, विश्वस्त आणि ऑफिस तळाला. शहरातला ‘इंटरग्रुप’ ही वेगळी शाखा. फोन घेणं, मीटिंगांची यादी ठेवणं, नवख्याला पत्ता सांगणं ही कामं तिची. पैसाही खालून वर नाही, ग्रुपकडून बाहेर जातो : खोलीचं भाडं आणि चहा भागला की उरलेल्यातलं थोडं इंटरग्रुपला, थोडं सर्व्हिस ऑफिसला. ऑफिस ग्रुपला हुकूम देऊ शकत नाही. ग्रुपने अडचण विचारली तर दुसऱ्या ग्रुपांनी अशा वेळी काय केलं, एवढं ते कळवतं. पटलं तर घ्या.

निवडणुकीची रीत मला फार आवडली. उमेदवाराला दोन-तृतीयांश मतं हवीत. पुन्हा पुन्हा मतदान करूनही कुणाला ती मिळाली नाहीत, तर आघाडीवरच्यांची नावं टोपीत टाकून चिठ्ठी काढतात. जिंकणारा हरणाऱ्याला हिणवू शकत नाही, कारण तो चिठ्ठीने आलेला असतो. हरलेल्या बाजूचाही मान ठेवतात : मोठा निर्णय झाल्यावर अल्पमतातल्यांना पुन्हा बोलायची संधी दिली जाते आणि त्यांचं पटलं तर फेरमतदान होतं. बिलने 1962 मध्ये ‘बारा संकल्पना’ म्हणून जे लिहिलं, त्यात हा हक्क नोंदलेला आहे. शूरा म्हणजे आपसातली सल्लामसलत, हे आपण मुलांना शिकवतो. तिची कार्यपद्धती इतक्या बारकाईने लिहिलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

या पद्धतीत दोष नाहीत असं नाही. काम फार हळू चालतं. अमेरिकेच्या विश्वस्त मंडळात मद्यपाशी नसलेल्यांऐवजी मद्यपाशी सदस्यांचं बहुमत असावं, ही बिलची मागणी मान्य व्हायला 1966 उजाडलं. ग्रुप फुटतातही. ए.ए.तच विनोदाने म्हणतात की नवा ग्रुप काढायला एक रुसवा आणि एक कॉफीची किटली पुरते. फरक इतकाच की फुटलेला ग्रुपही बिरादरीतच राहतो. दोघांचीही नावं एकाच यादीत असतात, आणि कोर्टात जायला मालमत्ताच नसते.

भारतात ए.ए. सुरू झालं ते मुंबईत, 1957 साली. इथला कारभार न्यूयॉर्कच्या हाताखाली नाही; भारताचं स्वतःचं जनरल सर्व्हिस ऑफिस मुंबईत आहे. देशोदेशीच्या प्रतिनिधींची जागतिक बैठक 1969 पासून दर दोन वर्षांनी भरते, पण तीही अनुभव सांगण्यासाठी. पुण्याच्या ‘मुक्तांगण’शी काहीजण याची गल्लत करतात. 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभं केलेलं, पु. ल. देशपांडे यांनी पाठबळ दिलेलं ते उपचारकेंद्र आहे. तिथे डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत, व्यवस्थापन आहे. ए.ए.मध्ये यातलं काही नसतं. मद्यपाश्यांच्या बायका, आया, मुलं यांच्यासाठी ‘अल-अनॉन’ आहे. नाव कानाला अरबी वाटतं, पण ते ए.ए.च्याच नावाच्या पहिल्या अक्षरांवरून बेतलेलं आहे. बिलची पत्नी लुईस हिच्या पुढाकाराने 1951 मध्ये ते आकाराला आलं.

अल-अनॉनमुळेच माझा या खोल्यांशी संबंध आला. एका विद्यार्थ्याच्या अम्मीला एकटीने जायची भीती वाटत होती म्हणून मी सोबत गेले, आणि पुढे ए.ए.च्या खुल्या मीटिंगांनाही. शहराचं नाव सांगत नाही. का, ते एव्हाना कळलं असेल. तिथला जी.एस.आर. एका गॅरेजमध्ये काम करतो. असेंब्लीला जायचं तर एस.टी.चं भाडं ग्रुपने द्यायचं की त्याने, यावर अर्धा तास चर्चा झाली, आणि शेवटी ग्रुपने द्यायचं ठरलं. परत आल्यावर त्याने कागदावर लिहून आणलेला अहवाल वाचला. त्याला वाचताना अडखळायला होत होतं. कुणी घाई केली नाही. मागे एका वजनदार माणसाने या ग्रुपला पंखे, खुर्च्या आणि कायमचा हॉल देऊ केला होता. दारावर पाटी फक्त त्याची. ग्रुपने आभार मानून नकार दिला आणि शाळेच्या त्याच खोलीचं भाडं भरत राहिला. तिथली बाकं तिसरीच्या मुलांच्या मापाची आहेत.

आता पुन्हा आपल्याकडे. मुसलमानांनी या पद्धतीला हात लावला नाही असं नाही. 1989 मध्ये त्याच बाल्टिमोरमध्ये, जिथे 1840 साली सहा दारुडे बसले होते, काही मुसलमानांनी ‘मिल्लती इस्लामी’ नावाची बिरादरी सुरू केली आणि बारा पायऱ्या इस्लामच्या चौकटीत मांडल्या. क्लीव्हलँडच्या कॅथलिकांनी जे केलं, त्याच जातीचं हे काम. ‘नार्कोटिक्स ॲनॉनिमस’ ही 1953 साली कॅलिफोर्नियात निघालेली धाकटी बहीण. तिच्या जगभरच्या मीटिंगांमध्ये आज इराणचा वाटा फार मोठा आहे.

आपल्याकडे वेगळं काही काढावं का, असं मला एक-दोघांनी विचारलं. माझं मत नाही असं आहे, निदान आत्ता तरी. मोहल्ल्यातच ग्रुप काढला तर पहिल्या दिवशी दारात कोण उभं आहे ते सगळ्यांना दिसेल आणि दुसऱ्या दिवशी कुणी येणार नाही. आपली माणसं दोन स्टॉप पुढच्या वस्तीतल्या ग्रुपात जातात, तिथे त्यांना कुणी आडनाव विचारत नाही. अडचण येते ती रमजानमध्ये. मीटिंग संध्याकाळी सातला, नेमकी इफ्तारची वेळ. गेल्या रमजानआधी त्या ग्रुपमधल्या दोघांनी हे बोलून दाखवलं. ग्रुपात मुसलमान ते दोघेच. महिनाभर मीटिंग तरावीहनंतर, रात्री दहाला घ्यावी का, यावर मत घेतलं. एक म्हातारे गृहस्थ विरोधात होते. त्यांची शेवटची बस पावणेदहाची. त्यांचं ऐकून पुन्हा मत घेतलं, आणि स्कूटरवाल्या एकाने त्यांना घरी सोडायचं कबूल केलं. मुंबईची परवानगी लागली नाही. जी.एस.आर.ने इंटरग्रुपला फोन केला आणि यादीत त्या ग्रुपसमोर महिन्यापुरती रात्री दहाची वेळ लिहिली गेली.